मास्तरांची बाहुली

मास्तर माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी त्याचं माप बघायच्या. दुकानाच्या पायरीवर बाई चढली, की ती पिशवीतून कापड काढेपर्यंत मास्तरांचं काम झालेलं असायचं. "छत्तीस. खांदा साडेतेरा. डावा खांदा उतरलाय तुमचा, पर्स त्याच बाजूला अडकवता ना?" बाई गोंधळून पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. गळ्यात मापाची टेप कायम लटकलेली असे, पण ती फक्त गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. नुसतं बघून ब्लाउज शिवला तर बायका विश्वास ठेवत नाहीत, म्हणून त्या टेप लावल्यासारखं करायच्या आणि आधीच मनात धरलेला आकडा वहीत लिहायच्या.

माझ्याबद्दलची त्यांची काळजीसुद्धा मापातूनच यायची. "वनिता, पाठ अर्ध्या इंचानं उतरली तुझी. जेवतीस का नाय?" बस, एवढंच. त्यापुढे चौकशी नाही, सल्ला नाही. दुपारी मात्र त्यांच्या डब्यातली एक भाकरी माझ्या टेबलावर येऊन पडलेली असे.

बाई असून त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, त्याचं कारण दुकान. छावणीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याचं शिवणाचं दुकान होतं. फौजेतल्या लोकांचे गणवेश, शाळेच्या पोरांच्या पँटी, असलं काम. नवरा गेला तेव्हा मुलगा दत्ता चौथीत होता. वैजापूरकडच्या खेड्यातून आलेली, चौथी शिकलेली ही बाई तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते सवयीनं म्हणालं, "मास्तर, पँट झाली का?" आणि मग समोर बाई बघून ओशाळलं. "झाली, घेऊन जा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या मास्तर. हळूहळू गणवेशांचं काम कमी झालं आणि बायकांचे ब्लाउज आले, पण नाव तेच राहिलं.

त्यांच्या शेजारचा गाळा आमचा. सासऱ्यांनी बांधलेला, आणि त्यात मी इंटरनेट कॅफे चालवायचे. सात कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कूलर. सुरुवातीला निकाल बघायला, फॉर्म भरायला रांग लागायची. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि खुर्च्या रिकाम्या पडत गेल्या. मास्तरांकडेही तेच. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, काल जिथे बाजरी होती तिथे आज सहा मजली इमारत उभी असायची, पण त्या इमारतीतल्या बायका तयार कपडे घ्यायच्या. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिलेला. जायकवाडी धरणात पाणी तळाला गेलं, नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही येईल याचा भरवसा नाही. आमच्या गल्लीला टँकरवर जगायची सवय लागली होती. आम्ही दोघी आपापल्या दारात खुर्च्या टाकून रस्त्यावरची धूळ बघत बसायचो.

मास्तरांच्या शिवणकामात एक गोष्ट बदलायची नाही. दाब. शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. दुसरे टेलर अर्धा इंच ठेवत तिथे त्या दीड इंच ठेवायच्या. "माणूस एकसारखं राहत नाय," त्या म्हणायच्या. "आज हाय ते उद्या फुगंल, परवा वाळंल. कापडानं त्याला जागा ठेवली पायजे." लग्नातला ब्लाउज दोन बाळंतपणांनंतर उसवून पुन्हा अंगात बसला, की त्या बाईपेक्षा मास्तरांनाच जास्त समाधान व्हायचं.

आपल्या दुखण्याबद्दल त्यांनी मला सांगितलं तेही कापड बेतावं तसंच. कॅफेच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वनिता, गाठ निघाली. उजव्या बाजूला. सोमवारी ऑपरेशन हाय. दुकानाची किल्ली तुझ्याकडं ठिवते." मी काही बोलणार तेवढ्यात त्या वळून गेल्या होत्या.

ऑपरेशन झालं, मग केमो झाले, मग रेडिएशनचे शेक झाले. केस गेले आणि विरळसे परत आले. वर्षभरानं त्या दुकानात आल्या तेव्हा ब्लाउजच्या उजव्या बाजूला रुमालाची घडी कोंबलेली दिसत होती. पण खरं संकट वेगळंच निघालं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्यांचा उजवा हात सुजला. खांद्यापासून बोटांपर्यंत, पाणी भरल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं, सुई टोचू द्यायची नाही, कात्री चालवायची नाही, मशीनवर तासन् तास बसायचं नाही. "मग करायचं काय, ते नाय सांगितलं त्यांनी," मास्तर म्हणाल्या.

दत्ता तोवर वाळूजच्या एका कारखान्यात लागला होता. आईनं आता घरी बसावं असं त्याचं म्हणणं. त्या बसल्या नाहीत. रोज सकाळी दुकान उघडायच्या, मशीनवरची धूळ डाव्या हातानं पुसायच्या आणि माझ्या कॅफेत कूलरसमोर येऊन बसायच्या. सुजलेला हात उशीवर ठेवलेला. मला त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे, म्हणून मी माझ्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसायचे.

त्या स्क्रीनवर काय होतं ते सांगायला हवं. रिकाम्या वेळात मला एका खेळाचा नाद लागला होता. खेळ म्हणजे तरी काय, कॉम्प्युटरमधलं एक जगच. आपली एक बाहुली करायची आणि तिला त्या जगात फिरवायचं. तिथे समुद्र, बागा, बाजार, सगळं. जगभरातली माणसं आपापल्या बाहुल्या घेऊन तिथे येतात, लिहून गप्पा मारतात. आणि सगळ्यात जास्त उलाढाल कशाची, तर कपड्यांची. बाहुलीला घालायचे कपडे लोक स्वतः तयार करतात आणि दुसरे ते खरे पैसे देऊन घेतात. मी नुसती हिंडायचे. तिथे टँकर येत नव्हता, एवढं मला पुरेसं होतं.

एका दुपारी मागून आवाज आला, "हिची बाही उलटी लावलीय."

मी वळून बघितलं. मास्तर खुर्ची ओढून माझ्या मागे आल्या होत्या. स्क्रीनवर एक बाहुली निळ्या पोशाखात उभी होती.

"मागचा मुंढा पुढं आलाय," त्या म्हणाल्या. "कोणी शिवलंय हे?"

मी सांगितलं, शिवलेलं नाही, चित्र आहे. कोणीतरी कॉम्प्युटरवर काढलंय.

"काढलं तरी बाही बाहीच्या जागी नको?"

मग त्यांनी विचारलं, की हे काढतात कसं. मी त्यांना तो नमुना दाखवला. बाहुलीचं अंग उलगडून सपाट मांडलेलं असतं. पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगवेगळ्या. त्यावर रंग भरायचा आणि मग खेळ तो बाहुलीवर गुंडाळतो. मास्तर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर ती बारीक आठी दिसली, कापडावर खडू फिरवण्याआधी पडायची ती.

"हे कटिंगच हाय की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मास्तरांच्या नावानं खेळात एक वेगळी बाहुली केली. त्या सांगायच्या, मी काढायचे. लग्नपत्रिका करण्यापुरतं चित्रांचं सॉफ्टवेअर मला येत होतं. पण मी काढलेल्या चुण्या त्यांना पसंत पडायच्या नाहीत. "ही चुनी हाय का पट्टी? कापड असं पडत नाय." मग त्या खुर्चीच्या पाठीवर खरं कापड टाकायच्या, डाव्या हातानं सारखं करायच्या, आणि म्हणायच्या, "आता बघ सावली कुठं पडती." मी मोबाइलवर फोटो काढायचे आणि तशी सावली भरायचे. दोन महिन्यांत त्या डाव्या हातानं माऊस चालवायला शिकल्या. रेघ थरथरायची, पण वळण मात्र अचूक जायचं.

हिमरूचं, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या रेशमी-सुती विणीचं पोलकं करायचं ठरलं तेव्हा त्या मला घेऊन शहागंजला गेल्या. तिथल्या एका ओळखीच्या वयस्क दुकानदाराकडे हिमरूची जुनी शाल होती. विकायची नव्हती, नुसती जपून ठेवलेली. मास्तरांनी ती तासाभरासाठी मागितली.

"फोटू काढनेसे घिसती तो नै ना, आपा?" त्यानं विचारलं.

"नाय घिसत."

"फिर ले जाओ. पहनेगा कौन?"

"बाहुल्या," मास्तर म्हणाल्या. त्यानं मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

आणि दाब. बाहुलीच्या कपड्याला आतून काही नसतं. शिवण म्हणजे एक गडद रेघ. तरी मास्तर नमुन्याच्या कडेबाहेर दीड इंच रंग भरायला लावायच्या. मी म्हणायचे, मास्तर, हा भाग दिसतच नाही, खेळ तो कापून टाकतो. "टाकू दे," त्या म्हणायच्या. "आपण ठिवलाय, आपल्याला ठाऊक हाय." गंमत अशी, की बाकीच्यांच्या कपड्यांना बाहुलीनं हात वर केला की काखेत पांढरी फट दिसायची. आमच्या कपड्यांना कधी दिसली नाही. तोच तो दाब कामी यायचा.

ते पोलकं आम्ही तिथल्या बाजारात मांडलं आणि ते बघून ग्रेसनं आम्हाला निरोप पाठवला. ग्रेस म्हणजे त्या जगातली एक बाई, खरी राहायला अमेरिकेत, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात. ती दर वर्षी तिथे कपड्यांची जत्रा भरवायची. कपडे करणाऱ्यांनी आपले नवे पोशाख जत्रेला द्यायचे, आणि विक्रीतून येईल ते सगळं कॅन्सरवर काम करणाऱ्या तिकडच्या एका संस्थेला जायचं. तुम्ही आठ पोशाख द्याल का, असं तिनं विचारलं होतं. मी मास्तरांना मराठीत वाचून दाखवलं. कॅन्सर हा शब्द आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे.

"देऊ," त्या म्हणाल्या.

दत्ताला ते पटलं नाही. रविवारी तो आईला न्यायला आला, तेव्हा खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलला. "आई, हात सुजलाय तुझा. त्याच हातानं तू गोऱ्या लोकांसाठी फुकट राबायलीस. हितं आपल्या लोकांना प्यायला पाणी नाय, आणि तुझं दान चाललंय अमेरिकेला."

तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही तेच वाटत होतं आणि मी ते बोलत नव्हते, एवढाच फरक.

मास्तर काही वेळ हाताची बोटं चोळत राहिल्या. "तिकडच्या बाईची गाठ काय गोरी असती का?" त्या म्हणाल्या. "आणि उजव्या हातानं कुठं करते? डाव्यानं करते." मग हळू आवाजात, "मला काय तरी करू दे, दत्ता. बसून बसून मी संपून जाईन."

दत्तानं पिशवी उचलली आणि त्यांना स्कूटरवर बसवलं. त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. एकदा मात्र त्यानं कारखान्यातल्या मित्राकडून एक मऊ, रुंद माऊस आणून माझ्या टेबलावर ठेवला. आईला दे म्हणाला.

सात पोशाख झाले. आठव्यावर मास्तर अडल्या. एका सकाळी त्यांनी मला त्या जगातल्या बाजारातून बाहुली फिरवायला लावली. एक एक बाहुली त्या निरखत होत्या.

"वनिता, हितं इतक्या बाया हायत. एकीलाबी वण कसा नाय?"

मी म्हणाले, खेळ आहे मास्तर, कोण कशाला तसली बाहुली करेल.

"मग माझ्यासारखीनं हितं कुठलं कापड घालायचं?"

आठवा पोशाख तो. एका बाजूला भरलेला आणि दुसऱ्या बाजूला सपाट ब्लाउज. बाहुलीचं अंग एका बाजूनं बदलता येत नव्हतं, म्हणून तो सपाटपणा सावलीनं भासवायचा होता. त्यावर आमचे तीन आठवडे गेले. सावली जराशी जास्त झाली की तिथे खड्डा वाटायचा, कमी झाली की काहीच कळायचं नाही. मास्तर स्वतःच्या ब्लाउजमधला रुमाल काढून माझ्यासमोर उभ्या राहायच्या. "बघ नीट. लाजू नको. असं पडतं कापड." मी बघून काढायचे. डोळे भरून यायचे आणि रेघ चुकायची. "पूस ती रेघ, परत काढ," त्या म्हणायच्या, नव्या पोरीला मशीन शिकवताना म्हणावं तसं.

तो ब्लाउज ग्रेसला पाठवला आणि तिचं उत्तर आलं, अगदी नम्र. काम फार सुंदर आहे, पण जत्रेत लोक आनंदासाठी येतात, काहींना हे बघून त्रास होईल, आपण बाकीचे सातच ठेवू या का.

मी ते वाचून दाखवलं. मास्तर म्हणाल्या, "तिला विचार, ज्या बायांना झालंय त्या जत्रेला यायच्या नाहीत का?"

मी तसंच इंग्रजीत लिहिलं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रेसनं एका ओळीत कळवलं, तो ब्लाउज माझ्या मापाचा करून द्या, उद्घाटनाला मी तो घालणार आहे.

"तिला मापाचं कशाला पाहिजे, बाहुल्या सगळ्या सारख्याच," मी म्हणाले. मास्तरांनी तो निरोप मला पुन्हा वाचायला लावला. नंतर एकट्याच म्हणाल्या, "तिलाबी झालेलं दिसतंय."

जत्रेचं उद्घाटन तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातला होतं. मास्तर सातलाच येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. आमची बाहुली मंडपात नेऊन ठेवली आणि नेमका बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी आला होता. मी मास्तरांकडे बघितलं.

"जा तू, पाणी भर," त्या म्हणाल्या. "माझ्याबी दोन घागरी घे. हितं मी बसते."

गल्लीत नेहमीसारखीच ढकलाढकली. पाइप कोणाच्या ड्रममध्ये आधी जाणार यावरून शेजारणीशी माझी बोलाचाली झाली. अर्ध्या तासानं ओल्या साडीनं परत आले तर स्क्रीनवर दहा-बारा बाहुल्या आमच्या बाहुलीभोवती गोळा झालेल्या, आणि त्यांच्या मधे ग्रेस. तिच्या अंगावर तो ब्लाउज. लिहिलेल्या गप्पांची लांबलचक यादी झाली होती. मास्तर डाव्या हाताच्या एका बोटानं कीबोर्डवर काहीतरी शोधत होत्या.

मी वरपासून वाचलं. ग्रेसनं विचारलं होतं, हा तुम्ही केलात का. खाली मास्तरांचं उत्तर इंग्रजी अक्षरांत, येस, म्हणजे हो. मग, तुमचंही ऑपरेशन झालं आहे का. हो. माझं सहा वर्षांपूर्वी झालं, अजून आरशात बघताना दचकायला होतं, तुमचंही तसं होतं का. हो. दुसऱ्या एकीनं विचारलं होतं, माझ्या आईसाठी एक घेतला तर तिला आवडेल का. हो. प्रत्येक प्रश्नाखाली तेवढाच शब्द.

"मास्तर, तुम्हाला इंग्रजी कळलं?"

"इंग्रजी नाय कळलं," त्या म्हणाल्या. "काय विचारत असतील ते कळलं."

जत्रा संपल्यावर ग्रेसनं कळवलं, की नव्या लोकांच्या दुकानांत सगळ्यात जास्त विक्री आमच्या दुकानाची झाली, आणि त्यातही आठव्या पोशाखाची. पाठोपाठ मास्तरांनी मला एक विचारायला लावलं. यातलं काही आमच्या इथल्या बायकांसाठी होईल का? ग्रेसनं प्रामाणिकपणे लिहिलं, की पैसे त्या एकाच संस्थेला देण्याचं कबूल केलेलं आहे, ते तिच्या हातात नाही, तिला वाईट वाटतं. मला राग आला. मास्तरांना आला नाही. "तिनं खरं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडचं आपण बघू."

त्या दर तीन महिन्यांनी तपासणीला दवाखान्यात जायच्या. तिथे बाकावर गावोगावच्या बायका बसलेल्या असत. कोणाच्या ब्लाउजमध्ये चिंधी, कोणी जुन्या चड्डीची घडी कोंबलेली, कोणी नुसताच पदर दाबून धरलेला. हात वर होत नाही म्हणून जुना ब्लाउज अंगात चढत नाही, आणि नवा शिवायला टेलरपुढे जायची लाज. मास्तरांनी बाहुलीचा तो ब्लाउज घेतला आणि खऱ्या बाईसाठी बेतला. पुढून उघडणारा, ऑपरेशनच्या बाजूचा मुंढा सैल, आत कापसाची उशी ठेवायला खिसा. कॉम्प्युटरवर त्याचं कटिंग खऱ्या मापात काढलं आणि माझ्या प्रिंटरवर आठ पानांवर छापलं. पानं जोडून खळीनं चिकटवली की पुरा नमुना तयार. खाली त्यांनी मला मराठीत लिहायला लावलं, कुठल्याही खेड्यातल्या टेलरला कळेल असं: इथे टक्स नको, इथे खिसा, हुक मोठे लावा. आणि शेवटी, दाब दीड इंच ठेवावा.

बाकावर बसल्या बसल्या त्या बाईचं माप नजरेनं घ्यायच्या आणि त्या मापाचा कागद पिशवीतून काढून द्यायच्या. "टेलरला नुसता हा कागद द्यायचा. काय बोलायचं नाय, काय दाखवायचं नाय." पुढे तिथल्या एका सिस्टरनं कागदांचा गठ्ठाच मागून घेतला. ग्रेसनंही ते कागद मागवले. मी इंग्रजीत करून पाठवले आणि तिच्या ओळखीच्या बायकांनी ते घरी छापून शिवले. माझा कॅफे त्या वर्षी याच छपाईवर चालला असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे कमाई काही नव्हती, पण शटर उघडायला कारण होतं.

हे सगळं ऐकून मास्तर आनंदी होत्या असं वाटेल. तसं नव्हतं. त्या थकलेल्या होत्या. हात दुखायचा, पट्टी बांधून बांधून कातडी सोलली होती. उन्हाळा संपत नव्हता. पुष्कळदा काम मधेच थांबवून त्या म्हणायच्या, "आज नको गं, आज जीव उचलत नाय." आणि आम्ही दोघी दारात जाऊन बसायचो. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणायचं काम चालू होतं. खणायला पाणी लागत नाही, म्हणून ते दुष्काळातही थांबलं नव्हतं.

दुसरी जत्रा पार पडली आणि तिसऱ्या जत्रेची तयारी अर्धी झाली असताना त्यांच्या पाठीत कळ सुरू झाली. तपासण्या झाल्या. या वेळी त्या सांगायला आल्या नाहीत, दत्ता आला. हाडात गेलंय, म्हणाला. मास्तर आता त्याच्याकडे वाळूजला राहणार होत्या. दुकानाचा भाडेकरार त्यानं सोडला. मशीन न्यायला टेम्पो आला, तेव्हा तो आणि मी दोघं नुसते बघत उभे होतो. "शेवटचे तीन कपडे राहिलेत," तो म्हणाला. "ती म्हणती, वनिता करंल."

मी केले. जसे जमले तसे. चुण्या त्यांच्यासारख्या पडल्या नाहीत.

जत्रा सुरू झाल्यावर एका दुपारी मी लॅपटॉप घेऊन वाळूजला गेले. मास्तर पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या, की मला पटकन ओळखू आल्या नाहीत. सुनेनं चहा आणला. दत्ता कारखान्यात पाळीवर होता. मी जत्रा उघडली. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, त्यामुळे मंडपात कोणीच नव्हतं. दुकानं मांडलेली, पोशाख टांगलेले, दिवे चालू आणि माणूस नाही. मी आमचे आठ पोशाख एकेक करून दाखवले. त्यांनी माझ्या तिन्ही पोशाखांकडे नीट बघितलं.

"बरे झालेत," त्या म्हणाल्या. मास्तर खोटं बोलत नसत, त्यामुळे ते दोन शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

मग त्यांची नजर आमच्या बाहुलीवर गेली. तिला आम्ही कधी नटवलं नव्हतं. सराव म्हणून केलेली पहिली साधी पिवळी साडी तिच्या अंगावर होती, ती कधी बदललीच नाही. सगळे कपडे दुसऱ्यांसाठी झाले.

"ही कवापासून उभी हाय गं?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. तीन वर्षांत आम्ही तिला चालवलं होतं, वळवलं होतं, मंडपात नेऊन ठेवलं होतं. बसवलं कधीच नव्हतं.

"तिला बसव कुठंतरी," मास्तर म्हणाल्या.

मंडपाच्या मागे एक तळं होतं आणि काठावर लाकडी बाक. मी बाहुलीला तिथवर नेलं आणि बसवलं. तिनं हात मांडीवर ठेवले. समोर पाणी होतं, भरपूर, काठोकाठ. मास्तर बघत राहिल्या. मी पुढे काही दाखवायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप तसाच मिटला. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

ग्रेसला मी कळवलं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी त्या जगात एक सभा ठेवली, मला बोलावलं. मी माझ्या जुन्या बाहुलीला घेऊन गेले, मास्तरांच्या नाही. पुढे कॅफे बंद केला, गाळा भाड्यानं दिला. पाऊस आला, जायकवाडी भरलं, आणि पुन्हा उतरलं. समोरच्या इमारतीत आता लोक राहायला आले आहेत. ग्रेसचं पत्र वर्षातून एखादं येतं.

मास्तरांच्या बाहुलीच्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. मी ते खातं पुन्हा उघडलं नाही. त्या खेळात असं आहे, की बसलेल्या बाहुलीला सोडून आपण बाहेर आलो आणि पुन्हा आत शिरलो, की ती उठून उभी राहते.